प्लेगच्या वाटेवरून : दाणा बंदर ते परळ



मुंबईला आपण जातो ते कुणाच्या लग्नाला, मंत्रालयातल्या एखाद्या कामाला, नाहीतर आजारी माणसाला घेऊन परळच्या मोठ्या दवाखान्यांत. काम उरकले आणि वेळ राहिला तर राणीचा बाग पाहतो, गेटवे पाहतो, मुलांसाठी खाऊ घेतो आणि रात्रीची गाडी धरतो. पुढच्या खेपेला एक दिवस हाताशी ठेवा. तुम्हांला एक वेगळी वाट सांगतो. ही वाट मुंबईत मशीद बंदर स्टेशनाजवळ सुरू होते, बोरघाट चढून पुण्याला जाते आणि परत फिरून परळला येऊन संपते. या वाटेवर देवळे, किल्ले फारसे नाहीत. पण तिळाएवढ्या एका किड्याने सव्वाशे वर्षांपूर्वी राजाला आणि रयतेला कसे हलवून सोडले, ते या वाटेवर पावलोपावली दिसते. तो किडा म्हणजे पिसू. आपल्या कुत्र्याच्या अंगावर असते तिची चुलत बहीण, घरातल्या उंदराच्या अंगावर राहणारी.

सुरुवात मशीद बंदरापासून करू. स्टेशनात उतरलात की भोवतालच्या गल्ल्यांतून हिंडा. एका बाजूला मांडवी, दुसरीकडे चिंचबंदर, बंदराच्या अंगाला दाणा बंदर, मधे भात बाजार. नावेच सांगतात की इथे काय चालत होते. मांडवी म्हणजे जकातीचा नाका. दाणा बंदरावर धान्य उतरायचे. आपल्या आज्या-पणज्यांनी खळ्यावर मळलेले धान्यही रेल्वेने इथवर यायचे. आता धान्याचा मोठा घाऊक बाजार खाडीपलीकडे वाशीला गेला आहे, तरी इथल्या जुन्या वखारी, हातगाड्या आणि पाठीवर पोते घेऊन धावणारे हमाल पाहिले की जुना काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. खाली वखार, वर माणसांची दाटीवाटीची बिऱ्हाडे. जिथे धान्य तिथे उंदीर, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

याच मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांना एक रोगी दिसला. व्हिएगस मूळचे गोव्याचे, मुंबईत वैद्यकी करणारे. रोग्याला कडक ताप होता आणि अंगावर गाठ आली होती. हा साधा ताप नसून गाठीचा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखले आणि उघडपणे सांगितले. व्यापाराचे शहर, प्लेगचे नाव निघाले की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावणार, म्हणून पुष्कळांना ते ऐकणे नको होते. पण रोग ऐकण्यासाठी थांबत नाही. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगने थैमान घातले होते. तेथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने प्लेगचा जंतू शोधून काढला. त्या बाजूने येणाऱ्या जहाजांतून, मालाबरोबर आलेल्या उंदरांनी ही साथ मुंबईत उतरवली असे मानले जाते.

पुढच्या काही महिन्यांत मुंबईचे काय झाले ते ऐका. लाखो लोक शहर सोडून निघाले. कोकणातले बोटीने गेले, घाटावरचे आगगाडीने आणि पायी गेले. गिरण्यांत माणसे मिळेनात, तेव्हा राहिलेल्या कामगारांनी रोजचा पगार रोज मागून घेतला आणि मालकांना तो द्यावा लागला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. २०२० साली करोनाच्या वेळी आपल्या गावात जी बंधने आली, त्यांतल्या कितीतरी याच कायद्याच्या आधाराने आली होती. म्हणजे पिसवेने केलेला कायदा सव्वाशे वर्षे टिकला! १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे ८ लाख २२ हजार होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजार भरली. वाढत्या शहराची वस्ती दहा वर्षांत घटली.

मांडवीतून बाहेर पडताना मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे सरळ रुंद रस्ते पाहा. दाट वस्ती फोडून वारा आणि उजेड आत यावा, म्हणून १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची संस्था काढण्यात आली. रस्ते तिने आखले. दादर, माटुंगा येथल्या रेखीव वस्त्यांची आखणीही तिचीच. प्लेग आला नसता तर मुंबईचा नकाशा आज असा नसता.

आता गाडीत बसा आणि पुण्याला चला. प्लेगही असाच गेला. पळणाऱ्या माणसांच्या बोचक्यांतून, धान्याच्या पोत्यांतून. त्यातच १८९६ चा पाऊस दगा देऊन गेला होता. दख्खनच्या गावांत दुष्काळ होता. मुंबईत राहावे तर गाठ, गावी जावे तर उपास, अशी माणसांची कोंडी झाली होती.

पुण्यात गणेशखिंडीत उतरा. तिथे आज विद्यापीठ आहे. त्याची दगडी मुख्य इमारत, उंच मनोऱ्याची, ही त्या काळी गव्हर्नरसाहेबांचा बंगला होती. पुण्यात प्लेग वाढला तेव्हा सरकारने वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याच्या हाती बंदोबस्त दिला. मार्च १८९७ पासून गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. स्वयंपाकघर, देवघर काही सोडले नाही. बायाबापड्यांची तपासणी परक्या शिपायांनी केली. रोग्याला उचलून इस्पितळात, घरच्यांना छावणीत, आणि कपडेलत्ते जाळून टाकायचे. लोक इतके धास्तावले की आजारी माणूस लपवू लागले. टिळकांनी ‘केसरी’तून या जुलमावर कडक लिहिले; पण ते स्वतः पुणे सोडून गेले नाहीत, रोग्यांसाठी इस्पितळ उभे करण्यासही झटले.

२२ जून १८९७ ची रात्र. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाली म्हणून या बंगल्यात समारंभ होता. तेथून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मरण पावला. चिंचवडचे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर बंधू १८९८ आणि १८९९ मध्ये फासावर गेले. टिळकांवर ‘केसरी’तल्या लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला झाला आणि अठरा महिन्यांची शिक्षा झाली. स्वातंत्र्याच्या लढ्याचे हे एक मोठे पान. त्याच्या मुळाशी पिसू होती.

आणखी एक गोष्ट याच आवारात मनात आणा. पुण्याजवळ हडपसरच्या बाजूला सावित्रीबाई फुले आपला मुलगा डॉ. यशवंत याच्यासह प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. पुढे त्यांना स्वतःलाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या बंगल्यात त्याच वर्षी राणीचा समारंभ झाला, त्या बंगल्यातल्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. शिपायांची फौज माणसांना उचलून नेत होती आणि ही सहासष्ट वर्षांची बाई माणसाला पाठीवर घेत होती. लोकांनी कुणाला आपले मानले हे त्या पाटीवर वाचता येते.

आता तुम्ही विचाराल, रँडच्या शिपायांनी एवढी झडती घेतली, मग प्लेग का हटला नाही? त्याचे उत्तर मिळवायला परत मुंबईला, परळला यावे लागते.

परळला टाटा रुग्णालय आणि के. ई. एम. आपल्यापैकी अनेकांना दुःखाच्या निमित्ताने ठाऊक आहे. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर हाफकिन संस्था आहे. जुन्या झाडांच्या आवारातली ही वास्तूही एके काळी गव्हर्नरचे निवासस्थान होती. हाफकिन हे रशियन साम्राज्यात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ. ते १८९६ च्या ऑक्टोबरात मुंबईला आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या या वास्तूत आली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिनवर आला. त्यातून त्यांची सुटका व्हायला १९०७ उजाडले. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचे नाव दिले गेले.

लस आली, तरी रोग उंदरातून माणसात येतो कसा हे कोडे राहिलेच. कुणी म्हणे हवेतून, कुणी म्हणे घाणीतून, कुणी म्हणे धान्यातून. पॉल लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर त्या काळी मुंबईत आणि कराचीत काम करीत होता. त्याने एक साधी गोष्ट हेरली. नुकताच मेलेला उंदीर उचलणारा माणूस आजारी पडतो. पण बराच वेळ पडून थंडगार झालेल्या उंदरापासून तसा धोका दिसत नाही. का? उंदीर मेला, अंग थंड झाले की पिसवा त्याला सोडून ऊब शोधत निघतात. जूनच्या सुरुवातीला, १८९८ मध्ये, कराचीत त्याने प्लेग झालेला, पिसवा असलेला उंदीर आणि निरोगी उंदीर जाळीने वेगळे ठेवले. दोघांचा स्पर्श नाही. पिसू मात्र जाळीतून उडी मारू शकते. काही दिवसांत निरोगी उंदराला प्लेग झाला. पण मोठमोठ्या मंडळींनी सिमाँचे म्हणणे बाजूला सारले.

ते पक्के ठरले परळमध्ये, १९०५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत. तिथे नेमलेल्या आयोगाने प्रयोगासाठी लहान खोल्या बांधल्या. प्लेग झालेले आणि निरोगी गिनिपिग एकत्र ठेवले. खोलीत पिसवा नसतील तर रोग पसरत नव्हता, अगदी अंगाला अंग लागले तरी. पिसवा सोडल्या की साथ सुरू. मग निरोगी प्राण्यांचे पिंजरे टांगून पाहिले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले प्राणी मेले. दोन फुटांवर टांगलेले वाचले. पिसू चार-पाच इंचांपेक्षा फारशी उंच उडत नाही. पिंजऱ्याभोवती जमिनीवर चिकट कागद पसरला तर आतले प्राणी सुखरूप राहिले. पिसवा कागदाला चिकटून राहिल्या. किती साधे प्रयोग! पण कोट्यवधी माणसांच्या जिवाचा प्रश्न त्यांनी सोडवला.

पुढे १९१४ मध्ये इंग्लंडात बेकट आणि मार्टिन यांनी उरलेला दुवा जोडला. प्लेगच्या उंदराचे रक्त प्यालेल्या पिसवेच्या पोटाच्या तोंडाशी जंतू वाढून गुठळी बसते. रक्त पोटात जात नाही, भूक भागत नाही. मग ती वखवखलेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि प्रत्येक चाव्याबरोबर अडलेले रक्त जंतूंसकट जखमेत ओकते.

हे सारे शेतकऱ्याला कळायला अवघड नाही. भेंडीवर केवडा पडतो तो पांढऱ्या माशीमुळे. पपईला गोलठिपक्यांचा विषाणू लागतो तो माव्यामुळे. रोगट झाड उपटले आणि पांढरी माशी तशीच राहू दिली, तर चार दिवसांनी शेजारचे झाड पिवळे पडते. विस्ताराच्या कामात बांधावर उभे राहून आम्ही हेच सांगत आलो. पुण्यात तेच घडले. शिपाई रोगी माणसे शोधत राहिले आणि रोगाची वाहतूक बिळातून, पोत्यांमागून चालूच राहिली. एका जागेचे उंदीर हुसकले की ते आपल्या पिसवा घेऊन शेजारच्या वाड्यात जातात. १८९७ साली हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते, म्हणून अज्ञानाबद्दल रँडला दोष देता येणार नाही. लोकांशी न बोलता, त्यांची अब्रू न राखता काम केले, हा दोष मात्र राहतोच.

कारण लोकांना काही अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी गावांत घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून जायची रीत प्लेग मुंबईत येण्याच्या कितीतरी आधीपासून होती. आपल्याकडेही प्लेगचा फेरा सुरू झाल्यावर गावे हे लवकर शिकली. ‘उंदीर पडला’ असा शब्द निघाला की लोक घराला कुलूप लावून रानात झोपड्या घालून राहायचे, चार-सहा महिने. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. त्यांनी आपल्या आजीकडून या झोपड्यांच्या गोष्टी ऐकल्या असतील. पिसू त्या माणसांना ठाऊक नव्हती, पण उंदीर आणि गाठ यांचे नाते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हे शहाणपण आणि परळचे प्रयोग यांची गाठ आधी पडली असती तर किती जीव वाचले असते! एकट्या १९०७ सालात हिंदुस्थानात प्लेगने बारा लाखांवर माणसे नेली. साथ ओसरेपर्यंत एक कोटीहून अधिक माणसे गेली.

वाट परळला संपली. पण प्लेगची गोष्ट तिथे संपत नाही; ती पुन्हा आपल्या दारापर्यंत येते. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात लोक पिसवांनी हैराण झाले, उंदीर मरून पडू लागले आणि मग ताप व गाठी असलेले रुग्ण दिसले. आदल्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाने मराठवाडा हादरला होता. घरे ओस पडतात, धान्य आतच राहते, तेव्हा उंदरांचे फावते. पुढच्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. अगदी १८९६ च्या मुंबईसारखे. त्यानंतर २००२ मध्ये हिमाचलात आणि २००४ मध्ये उत्तराखंडात थोडे रुग्ण आढळले. रानातल्या उंदीरवर्गात हा जंतू दडून राहू शकतो, म्हणून डोळे उघडे ठेवलेले बरे. एक मोठा दिलासा आहे. आज प्लेगवर औषधे आहेत. वेळेवर दवाखाना गाठला तर रोगी बरा होतो.

तेव्हा या वाटेवरून घरी परत याल तेव्हा चार कामे करा. धान्याची पोती जमिनीवर आणि भिंतीला लावून ठेवू नका. खाली लाकडी घोडी किंवा फळ्या घाला आणि मागे माणूस जाईल एवढी जागा सोडा, म्हणजे झाडता येते आणि बीळ दिसते. पत्र्याची कोठी घेता आली तर उत्तमच. शक्य तिथे लहान मुलांना खाली न निजवता खाटेवर निजवा. पिंजऱ्याचे दोन फूट आठवा. पिकातल्या आणि घरातल्या उंदरांचा बंदोबस्त गावाने मिळून एकाच वेळी करावा. एकट्याने केला तर उंदीर शेजारी जातो आणि महिन्याने परत येतो. कुत्र्या-मांजरांच्या अंगावरच्या पिसवांकडे दुर्लक्ष करू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. विष न घालता घरात, वखारीत, रानात एकापाठोपाठ उंदीर मरून पडू लागले, तर त्यांना उघड्या हाताने शिवू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका. अशा वेळी घाईने उंदरांना विष घालू नका. उंदीर मेले की उपाशी पिसवा माणसाकडेच येणार. आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर, असा क्रम आहे. तो आरोग्य खात्याच्या माणसांकडून करवून घ्या. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्दी द्या. घरात कुणाला कडक ताप आणि काखेत किंवा जांघेत दुखरी गाठ आली तर लपवू नका. डॉक्टरला आधी उंदरांचे सांगा.

१८९७ मध्ये आपल्या माणसांनी रोगी लपवले, कारण दाराशी शिपाई उभा होता. आज दाराशी आशाताई किंवा आरोग्यसेवक येतो; तो आपल्याच गावचा, ओळखीचा. त्याला घरात बसवा, चहा द्या आणि कणगीच्या मागे काय दिसले ते मोकळेपणाने सांगा.